उतरत्या क्रमाने

फॉर्मवर विचारलं होतं: धंद्याचा प्रकार.
मी सांगितलं, नानकटाई.
जिग्नेश म्हणाला, मावशी, असं नाही चालत,
आणि त्याने टाइप केलं: बेकरी उत्पादने, लघु.
मग वार्षिक उलाढाल.
वर्षाचं कोणी मोजतं का?
मी महिन्याचं सांगितलं, त्याने बाराने गुणलं,
आणि दांडिया बाजारातल्या त्या दुकानात, झेरॉक्सच्या उष्ण वासात,
माझं एक अख्खं वर्ष
पहिल्यांदा आकड्यात दिसलं.
फार नव्हतं. पण मी ते परत एकदा वाचायला लावलं.

मग पाणी. नळाचं, बाटलीत भरून,
तपासायला द्यायचं.
मग डॉक्टर. त्याने माझी नखं उलटसुलट पाहिली.
तीस वर्षं या हातांचं खाल्लं घराने,
नखांखाली कोणी वाकून बघितलं नव्हतं.
खिडकीला जाळी. कचऱ्याच्या डब्याला झाकण.
केसांना टोपी, ती घातली की मी
आजारी कोंबडीसारखी दिसते
असं माझा मुलगा म्हणतो, आणि खरंच दिसते.

मंगळवारी साहेब आले.
बारा बाय आठचं स्वयंपाकघर
त्यांनी टेप न लावता डोळ्यांनी मोजलं.
ओव्हन बघितला, मैद्याचा पिंप बघितला,
फ्रिजमागे हात घातला
आणि घडी घातलेली खाट बघितली.

बेन, अहीं कोई सूवे छे?

अकरा वर्षं.
कारखाना बंद पडला तेव्हापासून भालूभाऊजी
तिथेच झोपतात, फ्रिजच्या गुरगुरीला पाय करून.
चारला उठतात. मैदा तेच चाळतात,
तूप आणि साखर पांढरी होईपर्यंत तेच फेसतात,
आणि ओव्हनची घंटा वाजायच्या मिनिटभर आधी
आतल्या खोलीतून म्हणतात, काढ.
बोलण्यातलं तेवढंच राहिलंय त्यांचं. काढ.

नियम मला माहीत होता.
जिथे अन्न बनतं तिथे माणूस झोपता कामा नये.
मी तोंड उघडलं. कोरडं होतं.
भाऊजी ट्रे घेऊन उभे होते, टोपी घालून,
तेच म्हणाले, स्वच्छ गुजरातीत,
जशी एकेकाळी गेटवर बोलत असतील:
ना साहेब. अहीं कोई नथी सूतुं.

साहेबांनी टिक केली.
नानकटाई घेतली नाही, ड्यूटीवर घेत नसतात,
पण वास घ्यायला दारात थांबले.

त्या रात्री खाट गॅलरीत गेली,
स्कूटरच्या कव्हरशेजारी. मी म्हटलं, हॉलमध्ये घाला.
ते म्हणाले, हवा येते.
हवा कुठली. समोरच्या मजल्यावर एसीचं यंत्र आहे,
गरम फुंकर मारतं.

नंबर आला. चौदा आकडी.
छापलेल्या लेबलवर तो तूरडाळीच्या दाण्याएवढा.
खाली हिरवा ठिपका, चौकोनात.
खाली घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने:
मैदा, साखर, तूप, बेसन, रवा, मीठ, जायफळ.
जायफळ सगळ्यात शेवटी, चिमूटभर म्हणून.
डबा उघडला की नाकाला आधी तेच भेटतं,
पण नाकाचा क्रम नियमात नाही.
निर्माता या शब्दापुढे माझं नाव.
दोन नावं बसतील का, मी जिग्नेशला विचारलं.
म्हणाला, मावशी, जागा तर आहे,
पण फॉर्म एकाचाच भरलाय ना.

लेबलं भाऊजी लावतात, पट्टी धरून, सरळ.
एक वाकडं गेलं तर ते बाजूला काढून
त्या डब्यातल्या नानकटाया घरात खायला देतात.
हल्ली जरा जास्तच वाकडी जातात.

आणि पहाटे चारला दारावर टकटक होते.
स्वयंपाकघराच्या. अकरा वर्षं ज्या दाराच्या
ते आतल्या बाजूला होते.
मी काही बोलत नाही.
झोपेतच उठते, टोपी शोधते,
कडी काढते.